अंजन नव्हे, अंजनी

पत्र :

नमस्कार. आम्ही दोघं चार वर्षांपूर्वी डोंबिवली सोडून गुहागर तालुक्यातल्या सासरच्या घरी कायमचे राहायला आलो. समुद्र घरापासून दोनशे पावलांवर. पुढच्या अंगणात पुळणीची वाळू, मागे तांबडी माती. जास्वंद, गुलाब, क्रोटन सगळं लावून पाहिलं. मे महिन्यात पानांच्या कडा भाजल्यासारख्या होतात आणि पावसाळा संपेपर्यंत झाड उरत नाही. माझं माहेर संगमेश्वरकडचं. तिथल्या देवरहाटीत, म्हणजे देवाच्या राखीव रानात, अंजनी होती, उन्हाळ्याच्या तोंडाशी फांदीफांदीला निळी-जांभळी फुलं चिकटलेली असायची. ते झाड दारात असावं म्हणून दोन वर्षांपूर्वी घाटावरच्या एका नर्सरीतून दोन रोपं आणली. एक पहिल्याच पावसात गेलं. दुसरं कमरेएवढं आहे, पण यंदा मार्चमध्ये पार बोडकं झालं, आता पुन्हा पानं आलीत. फुलाचा पत्ता नाही. हे म्हणतात, काढून टाक, ड्युरांटाचं कुंपण करू. जाऊबाई म्हणतात, समुद्रावर नारळ आणि सुरू, बाकी काही टिकायचं नाही. खाऱ्या वाऱ्यात अंजनी जगते का? देवरहाटीतलं एखादं रोप उपटून आणलं तर? आणि मी एकसष्ट वर्षांची, हा हट्ट आता करावा का, तेही सांगा. फोटो जोडला आहे.
— पुळणीवरची माळीण

उत्तर :

माळीणताई,

तुमचा फोटो मी आधी पाहिला आणि पत्र मागून वाचलं. बरं झालं. पत्र आधी वाचलं असतं तर मीही अंजनी अंजनी म्हणत खतपाण्याचे उपाय सांगत बसलो असतो. तुमच्या दारात अंजनी नाहीच. ते अंजनाचं झाड आहे.

पान नीट बघा. देठाच्या टोकाला दोन दलं आहेत, जोडून बसलेल्या फुलपाखरासारखी. दसऱ्याला आपट्याच्या ढिगात टाकली तर एखादं लहान मूल फसेलसुद्धा. हे अंजन खानदेशातलं, सातपुड्याच्या पायथ्याचं. खडकाळ, उथळ जमिनीत, वर्षाला सहाशे-सातशे मिलिमीटर पावसावर उभं राहणारं चिवट झाड. तिकडे गुरांना त्याचा पाला घालतात, आणि लाकूड इतकं जड की ज्याने एकदा ओंडका उचललाय तो विसरत नाही. ते पानगळीचं झाड आहे. मार्चमध्ये ते बोडकं झालं यात त्याचं काही चुकलं नाही. तुमच्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो; त्यात पहिलं रोप कुजून गेलं याचंही नवल नाही.

नर्सरीवाल्याला बोल लावू नका. तुम्ही घाटावर जाऊन 'अंजन' मागितलंत, त्याने त्याच्या मुलखातलं अंजन दिलं. मराठीत ही गंमत बऱ्याच झाडांची आहे, डोंगर ओलांडला की नाव तेच आणि झाड दुसरं. त्यामुळे रोप आणताना नाव सांगून भागत नाही, पान दाखवावं लागतं. शास्त्रीय नावं तोंडात बसत नसली तरी ही दोन कागदावर लिहून ठेवा : तुमच्याकडे आहे ते हार्डविकिया बायनाटा, तुम्हाला हवं आहे ते मेमेसायलॉन अंबेलॅटम.

खऱ्या अंजनीचं पान साधं, एकसंध, दोन-तीन इंच लांब. फांदीवर समोरासमोर जोडीने येतं. गडद हिरवं, चामड्यासारखं जाड, वरून तुकतुकीत. खूण सांगतो : पान उजेडाकडे धरा. मधली शीर दिसेल, पण बाजूच्या शिरा जवळजवळ दिसत नाहीत. जांभळाच्या पानात त्या बारीक रेघांसारख्या स्पष्ट असतात. आणि अंजनी बारा महिन्यांत कधीही बोडकी होत नाही.

आता तुमचा मुख्य प्रश्न, खाऱ्या वाऱ्याचा.

अंजनी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे डोंगर येतो. माथेरानची ती भर दुपारी काळोखी वाटणारी रानवाट आठवा, त्या काळोखात अंजनीचा वाटा मोठा. महाबळेश्वरच्या रानात अंजनी, जांभूळ आणि पिसा ही तिघं मिळून राज्य करतात. म्हणून लोकांना वाटतं, हे थंड हवेचं, उंचीवरचं झाड. तसं नाही. हीच अंजनी पूर्व किनाऱ्यावर, चेन्नई ते पुद्दुचेरीच्या पट्ट्यात, अगदी श्रीहरिकोटाच्या बेटावरसुद्धा, किनाऱ्यालगतच्या सदाहरित रानांमधलं मुख्य झुडूप आहे. तिथे समुद्र तोच, मीठ तेच. तुमच्या माहेरच्या देवरहाटीतलं झाडही काही फार उंचावरचं नव्हतं.

म्हणजे अंजनी समुद्राकाठी जगते. पण तिथल्या रानात ती एकटी उभी नसते, हे नीट लक्षात घ्या. पुढे कुणीतरी वारा खातं, मागे ती वाढते. तुम्ही तिला अंगणाच्या मधोमध, समुद्राकडे तोंड करून एकटी उभी केलीत तर तिचंही जास्वंदीसारखंच होईल, फक्त वेळ जास्त लागेल.

वाऱ्याने पान भाजतं म्हणजे काय होतं? लाट फुटते तेव्हा खाऱ्या पाण्याचे बारीक तुषार वाऱ्यावर चढतात. ते पानावर बसले की पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. वाऱ्याने पानं एकमेकांवर घासून जिथे जिथे ओरखडे पडलेले असतात तिथून ते आत शिरतं आणि पानाच्या टोकाकडे, कडेकडे साठत जातं. म्हणून जळतात त्या आधी कडा, आणि समुद्राच्या बाजूची पानं आधी. पावसाळ्यात समुद्र जास्त खवळलेला असतो, पण पाऊस लगोलग पान धुऊन काढतो. घात होतो तो मे महिन्यात दुपारचं वारं सुटतं तेव्हा, किंवा पावसाने आठ-दहा दिवस दडी मारली आणि वारा तसाच राहिला तर. अशा दिवसांत संध्याकाळी झाडावरून गोड्या पाण्याची एक झारी फिरवली तर अर्धं दुखणं कमी होतं. खतापेक्षा ही झारी मोलाची.

मी स्वतः या बाबतीत एकदा चांगलाच फसलोय, तेवढं सांगतो. वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या घरात समुद्राच्या बाजूला मी जांभ्याच्या चिऱ्यांची सात फूट उंच, भरीव भिंत घातली. वाटलं, आता वाऱ्याचा प्रश्नच मिटला. भिंतीपासून चार-पाच फुटांवर अंजनीची तीन रोपं लावली. दोन वर्षांत तिन्ही गेली. शेजारचे एक म्हातारे गडी होते, ते म्हणाले, "भित वारो अडवीत नाय, उडी मारूक लावता." खरंच तसं होतं. भरीव भिंतीला धडकलेला वारा वरून उसळतो आणि पलीकडे भोवरा करून खाली आदळतो, बरोबर भिंतीच्या पायथ्याशी जिथे मी रोपं लावली होती तिथेच. वारा अडवायचा नसतो, गाळायचा असतो. निम्मा आरपार जाऊ देणारं झाडांचं कुंपण आपल्या उंचीच्या आठ-दहा पट अंतरापर्यंत वारा मंद करतं. पाच फुटी कुंपण असेल तर चाळीसेक फूट झालेच. भिंत मला पुढे वरून तीन थर उतरवावी लागली. आमचे चिरंजीव अजून विचारतात, त्या चिऱ्यांचे पैसे कुठल्या खात्यात टाकायचे.

तेव्हा तुमचं पहिलं काम अंजनी आणण्याचं नाहीच, कुंपण करण्याचं आहे. यासाठी कोयनेलसारखं दुसरं झाड नाही. लोकांनी त्याला शाळेच्या आणि स्टेशनच्या आवारातली हिरवी भिंत करून टाकलं, म्हणून त्याची किंमत राहिली नाही. मुळात ते खाडीकाठचं, खारफुटीच्या शेजारचं झुडूप आहे. मीठ त्याच्या पाचवीलाच पुजलेलं. बारा महिने हिरवं, सारखं कातरलं नाही तर पांढरी फुलं येतात, त्यातून लांब जांभळट तुरे बाहेर डोकावतात. पाला कडू, त्यामुळे गुरं-शेळ्या तोंड लावत नाहीत. पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर काड्या मृगाचा पाऊस लागला की दोन ओळींत, फूट-फूट अंतरावर, एकमेकांच्या आड येतील अशा टोचून द्या. दहातल्या आठ जगतात. शेजाऱ्यांकडे कोयनेल असेलच, पैसेही पडायचे नाहीत. वर्षातून दोनदा कातरा, पण पुस्तकाच्या कडेसारखं तासू नका. थोडं विस्कटलेलंच वारा चांगलं गाळतं.

जागा असेल तर कुंपणाच्या आत कोपऱ्यात एक उंडी लावा. तिची जाड पानं मिठाला दाद देत नाहीत. पूर्वी तिच्या बियांचं तेल, म्हणजे उंडेल, दिव्याला आणि होड्यांना लागायचं. आता फारसं कुणी काढत नाही, पण पांढऱ्या फुलांचा वास अजून तसाच आहे.

जाऊबाईंना सांगा, सुरू समुद्रावर आपोआप उगवलेला नाही, वारा आणि वाळू अडवायला माणसांनी आणून लावलेला आहे. उंडी, कोयनेल, केवडा हे किनाऱ्याचे मूळचे रहिवासी. आणि यजमानांना सांगा, ड्युरांटा अमेरिकेकडचा, त्याची ती सुंदर पिवळी फळं विषारी असतात. मे महिन्यात नातवंडं येत असतील तर ते दारात नकोच. माझं त्याच्याशी वैर नाही, पण देखणं कुंपणच हवं असेल तर कोयनेलला काय धाड भरलीय?

कुंपण छातीएवढं व्हायला साधारण दोन पावसाळे जातात. तोवर अंजनीचं रोप कुंडीत, घराच्या पूर्वेच्या बाजूला, सावलीत वाढवा. ही दोन वर्षं फुकट जात नाहीत. रोप एवढंसं असताना त्याला सावलीच हवी असते. रानातही ती मोठ्या झाडांखालीच उगवते. आणि कुंपण व्हायच्या आधी लावायचा मोह झाला तर माझी भिंत आठवा.

आता जमिनीचं. पुढच्या वाळूत लावू नका. समुद्रावरच्या वाळूत शिंपल्यांचा चुरा असतो, म्हणजे चुना. अंजनी जांभ्याच्या, किंचित आंबट मातीत सुखी असते. चुन्याच्या जमिनीत तिची कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. त्याच कारणासाठी चुलीतली राख तिच्या बुंध्यात घालू नका. आपल्याकडे राख म्हणजे सगळ्यावर औषध अशी समजूत आहे; माडाला, केळीला घाला, हिला नको. माडावरून आठवलं : तुमच्या आगरात माडांच्या आळ्यांत मीठ टाकायची पद्धत असेल तर अंजनी माडांपासून चांगली दहा-बारा फूट लांब हवी.

तुमचं घर वाळू आणि तांबडी माती यांच्या सीमेवर आहे, हे फार चांगलं. जिथे तांबडी माती सुरू होते त्या रेषेच्या आत, घराच्या कोपऱ्याचा थोडा आडोसा मिळेल पण सकाळचं ऊन लागेल अशी जागा बघा. दोन फूट लांब, दोन रुंद, दोन खोल खड्डा. तळाला कातळ लागला तर पहारीने तो फोडून पाण्याला वाट करून द्या, नाहीतर जुलैत खड्ड्याचा हौद होतो आणि रोप त्यात आंघोळ करत बसतं. तळाला नारळाची सोडणं (वरची काथ्याची सालं) पालथी न ठेवता उताणी, वाटीसारखी, एक थर लावा. उन्हाळ्यात तीच पाणी धरून ठेवतात. फक्त ती सोडणं खाडीत भिजवलेली नकोत. असतील तर एक पावसाळा उघड्यावर धुऊ द्या. वर खणून काढलेलीच माती, तिच्यात एक पाटी कुजलेला पालापाचोळा आणि अर्धी पाटी जुनं शेणखत. वाळवीचा त्रास असेल तर मूठभर निंबोळी पेंड. बस. रासायनिक खत मुळीच घालू नका. जोर करून वाढवलेली कोवळी, लुसलुशीत पालवी खारं वारं आधी खातं.

लावायची वेळ. सगळे सांगतात, पहिल्या पावसात. घाटावर ते ठीक. समुद्राकाठी जून-जुलैचा वारा रोपाला मुळासकट हलवत राहतो, आणि हलणारं मूळ धरत नाही. मी मघा नक्षत्र धरतो, म्हणजे ऑगस्टच्या मध्यानंतर. वारा पडायला लागलेला असतो, आणि हस्तापर्यंत अजून महिना-दीड महिन्याचा पाऊस हातात असतो. लावल्यावर समुद्राच्या बाजूला दोन काठ्या रोवून माडाचा झाप बांधा. बुंध्याभोवती वीतभर पाचोळ्याचं आच्छादन, बुंध्याला मात्र चिकटू देऊ नका.

पहिले दोन उन्हाळे चार दिवसांआड एक कळशी पाणी. त्यापुढे आठवड्याला एकदा, आणि पाच-सहा वर्षांनी एप्रिल-मे सोडून काही नाही. पाण्याबद्दल एकच खबरदारी. तुमच्या विहिरीचं पाणी मे महिन्यात मचूळ होतं का? समुद्रापासून दोनशे पावलांवर होणारच. मग त्या दिवसांत विहिरीचं पाणी झाडाला नको, नळाचं द्या, किंवा स्वयंपाकघरातलं तांदूळ-भाज्या धुतलेलं. वरून वाऱ्याचं मीठ आणि खालून पाण्याचं, असा दोन्हीकडून मारा अंजनीलाही सोसत नाही.

आता देवरहाटीतून रोप आणण्याचं.

नको. यात एक कारण माझं माळ्याचं आहे आणि एक तुमच्या माहेरचं. माळ्याचं असं की रानातलं वीतभर दिसणारं रोप जमिनीत हातभर गेलेलं असतं. उपटताना सोटमूळ तुटतं, रोप पंधरा दिवस हिरवं राहून आपल्याला फसवतं आणि मग वाळतं. माहेरचं कारण तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. देवरहाटीतून वाळकी काटकीसुद्धा उचलायची नाही, असं आपल्याकडची म्हातारी माणसं बजावून सांगायची. पश्चिम किनाऱ्यावर जुनी अंजनी जी काही उरली आहे ती बरीचशी त्या दटावणीमुळेच. तिचं लाकूड जळणाला उत्तम, अवजारांच्या दांड्यांना उत्तम, म्हणून देवाच्या हद्दीबाहेरची केव्हाच चुलीत गेली.

पण खाली पडलेली फळं? त्यासाठी गुरवाला विचारा. त्याने देवाला कौल लावायला सांगितलं तर लावा, त्यात कमीपणा नाही. पावसाच्या तोंडाशी फळं पिकून काळी-जांभळी होतात, वाटाण्याएवढी, टोकाला छोटासा मुकुट. लहानपणी तुम्ही ती खाल्ली असणार. तुरट-गोड, जीभ रंगवणारी. एका फळात एक बी. गर काढून बी त्याच आठवड्यात पेरा. डब्यात भरून पुढच्या वर्षासाठी ठेवलेलं बी मला कधीच उगवलेलं आठवत नाही. माती, पाचोळ्याचं खत आणि थोडी वाळू (नदीची, समुद्राची नव्हे) भरलेल्या उंच पिशवीत, बोटाच्या एका पेराएवढं खोल. सावलीत ठेवा आणि विसरा.

बियांची वाट बघायची नसेल तर वन खात्याच्या किंवा सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत विचारा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात वनशास्त्राचं महाविद्यालय आहे, तुम्हाला ते फार लांब नाही. तिथे चौकशी करताना माहेरच्या अंजनीचा फोटो, पान आणि फांदीवरची फुलं दोन्ही दिसतील असा, मोबाइलमध्ये न्या. दोन-तीन वर्षांचं, गुडघ्याएवढं रोप मिळालं तर घ्या. चार फुटी मोठं झाड जास्त पैसे देऊन आणू नका. पिशवीत वर्षानुवर्षं राहिलेल्या झाडाचं मूळ आत गुंडाळलेलं असतं, वाऱ्यात ते कधी उभं राहत नाही. गुडघ्याएवढं रोप त्याला पाच वर्षांत मागे टाकतं.

फुलांबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण तिथेच लोक मेहनतीवर पाणी ओततात. अंजनीची फुलं शेंड्याला येत नाहीत. पानाच्या बगलेत, आणि मुख्यतः पानं गळून गेलेल्या जुन्या, करड्या फांदीवर, जुन्या पानांच्या खुणांमधून झुबके फुटतात. तुम्हीच लिहिलंय, फांदीला चिकटलेली. म्हणजे फूल हे जुन्या लाकडाचं. कुणीतरी येऊन 'आतल्या वाळकुट्या फांद्या साफ करून देतो' म्हणालं की समजा तुमची पुढची दोन-तीन वर्षांची फुलं गेली. त्या वाळकुट्या नसतात. छाटायचंच असेल तर फळं पक्ष्यांनी खाऊन संपली की, पावसाच्या सुरुवातीला, आणि तेही वाटेत आडवी येणारी एखादी फांदी. गणपतीनंतर कात्रीला हात लावू नका. झाड आपणहून गोल, घट्ट, छत्रीसारखं होतं, त्याला आकार देण्याची हौस आपण कुंपणावर भागवावी.

माघ-फाल्गुनाच्या आसपास एके दिवशी सकाळी बघाल तर सगळ्या फांद्यांवर टाचणीच्या डोक्याएवढ्या गुलाबी-जांभळ्या कळ्या. मग तीन-चार दिवसांत सगळं झाड एकदम निळं. इतका गर्द निळा रंग आपल्या रानात फार थोड्या झाडांना आहे. मधमाश्यांचा गुंजारव अंगणातून घरात ऐकू येतो. आणि आठवड्याभरात खाली निळा सडा पडून सगळं संपतं. एखाद्या वर्षी बहर जोरात, एखाद्या वर्षी हात आखडता. त्याला खत हे औषध नाही. पुढे फळं धरली की बुलबुल येतात आणि मे महिनाभर मुक्काम ठोकतात.

तुमचा शेवटचा प्रश्न, वयाचा. माझ्या भिंतीनंतरच्या दुसऱ्या खेपेची अंजनी मी लावली तेव्हा गुडघ्याएवढी होती. पहिली दोन वर्षं ती हललीच नाही, इतकी की आमची सौ. तिला 'प्लास्टिकची' म्हणायची. त्यानंतर वर्षाला वीतभर. लावल्यापासून सातव्या वर्षी एका फांदीवर पाच-सहा झुबके आले. दहाव्या वर्षी म्हणावी तशी फुलली. मी लावली तेव्हा तुमच्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा होतो, आता चौऱ्याहत्तर पूर्ण आहेत. हिशोब तुम्हीच करा. मात्र सात वर्षं रिकाम्या फांदीकडे बघत बसायचं असं मी सांगणार नाही. अंजनीच्या आजूबाजूला, तीन-चार फुटांवर, पिटकुळीची चार झुडपं लावा. आपली जुनी, मोठी, लाल गुच्छांची पिटकुळी. नर्सरीत 'मिनी एक्झोरा' म्हणून मिळतं ते ठेंगणं बाळ नव्हे. तीही सदाहरित, तिलाही तांबडी आंबट माती आवडते, म्हणजे एकाच खटाटोपात दोन्ही सांभाळली जातात. ती दुसऱ्या वर्षापासून फुलायला लागते आणि जवळजवळ वर्षभर थांबत नाही. देवाला फुलं होतील, परडी रिकामी राहणार नाही. समुद्राचा थेट वारा मात्र तिलाही नको, कुंपणाच्या आतच.

राहिलं ते खानदेशी अंजन. दोन वर्षांचं झालं म्हणजे त्याचं मूळ आता इतकं खोल गेलं असेल की उपटून कुणाला देता येणार नाही. जागा अडवत नसेल तर राहू द्या. मात्र त्याच्या बुंध्याशी चर काढून पाणी वाहतं ठेवा, आणि दरवर्षी पानं झडली की कुणी विचारेल त्याला सांगायची तयारी ठेवा. यजमानांनी ते काढायचं ठरवलंच असेल तर माझी हरकत नाही, पण आधी त्याच जागी अंजनी लावायचा विचार करू नका. ती जागा फोटोत दिसतेय तेवढ्यावरून समुद्राच्या अगदी समोर आहे, आणि बुंध्याशी पांढरट वाळू दिसतेय. तिथे कोयनेलच.

मृग जवळ आलाय. या आठवड्यात शेजारी कोयनेल कुणाकडे आहे ते बघून ठेवा, आणि माहेरी फोन करून गुरवाला विचारा की यंदा फळं धरलीत का.